चावीमावशीचा सत्कार

चावीमावशी दार नुसतं लावायची नाही. कुलपात किल्ली फिरवताना ती एक शब्द म्हणायची, मग दार ढकलून बघायची आणि पुढच्या दाराकडे वळायची. तिथे दुसरा शब्द. शाळेची ती इमारत दुमजली आणि तिच्या हवाली असलेली दारं अडतीस. प्रत्येक दाराचा शब्द ठरलेला. चित्रकलेच्या वर्गाला जो शब्द, तो त्या वर्गालाच. छत कोसळलं तरी त्यात बदल व्हायचा नाही. पाच वर्षं दर रविवारी मी हे ऐकलं आणि आज मला त्यातला एकही शब्द येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच बरं मत करून घ्यायला नको.

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या त्या इमारतीत आमची मराठी शाळा रविवारी दहा ते बारा भरते. आठवडाभर मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर असते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढते, आणि रविवारी या शाळेची मुख्याध्यापिका. पद ऐकायला मोठं. काम म्हणजे झेरॉक्स काढणं, हरवलेले हातमोजे शोधणं आणि पालकांची समजूत घालणं. इमारत उघडून द्यायला आणि आमच्यामागून बंद करायला तिथली एक बाई असायची. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पांढऱ्या केसांची एकच वेणी आणि कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा. मुलांनी तिला चावीमावशी करून टाकलं. तिने मला विचारलं, मावशी म्हणजे काय? मी म्हटलं, आईची बहीण. "म्हणजे मी घरातली झाले," ती म्हणाली. "मग घरातल्यासारखं सांगते. तुमची मुलं हात धुवायच्या बेसिनमध्ये चिवडा टाकतात. पुढच्या रविवारपासून बंद." हे सगळं तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मध्येमध्ये स्पॅनिश; इथे मी ते माझ्या मराठीत लिहितेय. इंग्रजीत सगळेच 'यू', पण माझ्या मनात ती पहिल्या दिवसापासून 'तू'च होती.

दारांशी ती काय पुटपुटते याबद्दल मुलांमध्ये तर्क चालायचे. काहींच्या मते ती जप करत होती, काहींच्या मते कुलपांचे पासवर्ड म्हणत होती. शेवटी माझ्या ईशाने, तेव्हा ती आठ वर्षांची होती, सरळ जाऊन विचारलं. मावशी हसली. "हा जप नाही गं. ही माझी आजी आहे," म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसून तिने आम्हा दोघींना सगळं सांगितलं. इक्वाडोरमध्ये, पूर्वेकडच्या जंगलात, एका नदीकाठी तिचा जन्म. सात वर्षांची होईपर्यंत आजीने वाढवली. आजी घरात जी भाषा बोलायची ती तेव्हाच आसपासच्या चार-दोन म्हाताऱ्यांपुरती उरली होती. भाषेचं नाव काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आजी म्हणायची, आपलं बोलणं. नाव दुसऱ्यांना लागतं." मग वडील तिला समुद्राकडच्या शहरात घेऊन गेले. तिथल्या शाळेत पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून त्या भाषेतला एक शब्द निघाला आणि पोरं वर्षभर तिला त्या शब्दाने चिडवत राहिली. तेव्हापासून तिने माणसांसमोर त्या भाषेतला शब्द कधी काढला नाही. आजी गेली, म्हातारे गेले. विसरायला नको म्हणून ती आधी घराच्या पायऱ्यांना एकेक शब्द म्हणायची, अमेरिकेत आल्यावर दारांना. "दारं हसत नाहीत," ती म्हणाली.

शब्द अडतीस कसे, तर तेवढेच आठवत होते. ही इमारत मिळाली आणि दारंही नेमकी अडतीस निघाली, याचं तिला फार कौतुक; नोकरी तिने म्हणे त्याच आनंदात पक्की केली. शब्द तरी कसले? पुस्तकात असतात तसले नाहीत. लहान पोरीला आजी जे बोलेल ते. हात लावू नकोस, भाजेल. उवा. गप्प बस. खोटं बोलतेस. साप बघ. कोंबड्यांना बोलवायचा एक शब्द आणि हाकलायचा दुसरा. करंगळी. पाणी. अर्धवट शिजलेला कंद. "मी एकसष्ट वर्षांची आहे, पण माझी भाषा सातच वर्षांची आहे," ती म्हणायची. "तिला लग्न माहीत नाही, भाडं माहीत नाही, मरण माहीत नाही. मजेत आहे ती." एका शब्दाचा तर अर्थही ती विसरली होती, तरी तो जिममागच्या दाराला रोज म्हणायची. मी म्हटलं, अर्थच माहीत नाही तर ठेवून काय उपयोग? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच ओशाळले. "आजीला माहीत होता ना," ती म्हणाली.

घरी येऊन मी इंटरनेटवर शोधाशोध केली. नदीच्या नावावरून कुठल्याशा यादीत एकच ओळ सापडली. भाषा लुप्त, माहिती जवळजवळ नाही, कुणा जुन्या प्रवाशाने टिपलेले थोडे शब्द, आणि तेही या भाषेचे की शेजारच्या, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. पुढच्या रविवारी मी मोठ्या ऐटीत मावशीला फोनवर ते दाखवलं. "लुप्त म्हणजे मेलेली ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो. "मग मी शुक्रवारी दारांशी काय बोलत होते?" असं म्हणून ती खो खो हसली आणि मॉप घेऊन चालती झाली.

त्यानंतर ती बालगटाच्या वर्गात मागच्या छोट्या खुर्चीवर येऊन बसायला लागली. मी फ्लॅशकार्ड दाखवून रंग शिकवत होते, लाल, निळा, जांभळा. वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, "तुमच्याकडे आज्या मुलांना रंग शिकवतात?" म्हटलं, नाही. "मग काय म्हणतात?" मी आठवून आठवून सांगितलं, कार्टे, कितीदा सांगायचं, पडशील, हात धुतलेस का, पुरे झालं तुझं. "हे शिकव," ती म्हणाली. "मुलाला रंग डोळ्यांनी कळतो. ओरडा कळायला भाषा लागते." आणि खरोखर, आम्ही 'रागवायचे शब्द' असा एक धडाच केला. मुलांनी तो असा काही उचलला की दोन पालकांनी ईमेलवर तक्रार केली, आमचा मुलगा आजोबांना व्हिडिओ कॉलवर 'गप्प बसा' म्हणाला. पण आज आमच्या शाळेतली मुलं जे थोडंफार मराठी आपणहून बोलतात ते त्या धड्यातलं आहे. वार्षिक अहवालात हा उपक्रम माझ्या नावावर आहे. ते नाव मी खोडलेलं नाही.

तिचं आणखी एक बोलणं मला अजून टोचतं. शाळा सुटताना कॉरिडॉरमध्ये सगळ्या आयांचं एकच चाललेलं असतं. मी ईशाला म्हटलं, "जॅकेट घातलंस का गं?" ती म्हणाली, "आय ॲम फाइन, मॉम." मी म्हटलं, "ओके, बट इट्स कोल्ड आउटसाइड." मावशी किल्ली फिरवता फिरवता थांबली. "तू का वळलीस?" मला आधी कळेचना. "तू तुझ्या रस्त्याने चालली होतीस. ती तिकडून बोलली आणि तू लगेच तिच्या रस्त्याला वळलीस. थांबायचं होतंस. ती आली असती." मी म्हटलं, मावशी, थांबायला वेळ कुणाकडे आहे, एकला स्विमिंग आहे. पण नंतर मी ईशाशी इंग्रजीत बोलताना दिसले की लांबूनच दोन बोटांनी वळण घेतल्याची खूण करायची आणि गालात हसायची.

मी काही अगदीच दगड नव्हते. एकदा फोन काढून म्हटलं, मावशी, एकेक शब्द म्हण, रेकॉर्ड करून ठेवते. तिने हाताने फोन खाली केला. "मशीनमध्ये ठेवलं की सगळ्यांना वाटतं, आहे ना ठेवलेलं. मग कुणीच म्हणत नाही. मला हे तोंडात ठेवायचंय. पोरांच्या." मी म्हटलं, मग शिकव ना पोरांना. ती म्हणाली, "हसतील." आमची मुलं नाही हसणार, असं मी चांगलं छाती ठोकून सांगितलं.

पाचव्या वर्षी तिचे गुडघे गेले. जिने चढणं होईना. मुलगा ॲरिझोनात, चँडलरला असतो. त्याने फेब्रुवारीअखेरीला तिला कायमची तिकडे नेण्याचं ठरवलं. आमचा मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम नेमका त्याआधीच्या शनिवारी, शाळेच्याच सभागृहात. आदल्या रविवारी मावशी माझ्याकडे आली. इतकी अवघडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "मी तुमच्या स्टेजवर म्हणेन. सगळे शब्द, त्यांच्या अर्थांसकट. एकदाच. तुमचा व्हिडिओ असतो ना, त्यावरून तू मुलांना शिकव, माझ्याने आता रविवारचं जमणार नाही. मशीन फक्त तेवढ्यापुरतं. चालेल?" मी तिला मिठी मारली. म्हटलं, चालेल काय, पळेल! चार मिनिटं तुझी. कार्यक्रमपत्रिकेत छापते. आणि छापलंही: 'चावीमावशीची भाषा.' पन्नासहून जास्त वर्षांनी ती माणसांसमोर ते शब्द उच्चारणार होती. मला हे माहीत होतं. विसरले होते असंही म्हणायला मला जागा नाही.

आता त्या शनिवारचं सांगते. बर्फ पडत होता, लोक उशिरा आले, आले ते आधी पोह्यांच्या रांगेत उभे राहिले. दोनचा कार्यक्रम पावणेतीनला सुरू. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बापटकाका यांचं प्रास्ताविक, ते प्रास्ताविकातच गतवर्षीचा आढावा घेणार हे ठरलेलं. पाहुणे बोलले ते पस्तीस मिनिटं. सूत्रसंचालन माझं, साउंडवर माझा नवरा मिलिंद. साडेपाचला सभागृह रिकामं करून द्यायचं आणि पाच वाजता अजून मुलांची दोन नृत्यं आणि एक नाटुकली बाकी. मुलं मेकअप करून दोन तास ताटकळलेली, आया माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. विंगेत बापटकाका म्हणाले, "अगं, त्या बाईंचं चार मिनिटांचं काय ते काढून टाक. कुणाला काही कळणारही नाही. त्यापेक्षा सत्कार करू या, दोन मिनिटांत होतो आणि छान दिसतो." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो काका, ते बरं." आपल्याकडे एखाद्या माणसाचं नेमकं काय करावं हे सुचेनासं झालं की त्याचा सत्कार करतात. मीही तेच केलं. पाहुण्यांसाठी आणलेल्या जादा शाली होत्याच, नारळ होता.

मावशी विंगेत उभी होती. निळा ड्रेस, वेणीला नवी रिबन, ओठ हलत होते. उजळणी चालली होती. सत्काराचं तिला सांगायला मला फुरसत झाली नाही. फुरसत काय, धीर झाला नाही. मी नुसतं नाव पुकारलं. ती आली, काकांनी शाल घातली, हातात नारळ दिला, ओटी भरल्यासारखा तो तिने पोटाशी धरला. समोर स्टँडवर माइक होता. ती माइकपाशी गेली आणि तिने सुरुवात केली. मला वाटलं, आभार मानतेय. माझ्या हातात दुसरा माइक होता, दोन्ही एकदम चालू राहिले की शिट्टी वाजते, म्हणून मी मिलिंदला खूण केली, तिचा बंद कर, म्युझिक लाव. आणि घाईघाईत खरडलेलं मानपत्र वाचायला लागले. त्यात मी लिहिलं होतं, 'एका हरवत चाललेल्या भाषेचा शेवटचा आवाज आज आपल्यामध्ये आहे.' तो आवाज माझ्यापासून चार हातांवर होता आणि मी त्याच्यावर माझा चढवत होते. सनईचं म्युझिक मोठं होतं. मावशीला एका कानाने कमी ऐकू यायचं. तिचे डोळे मिटलेले. मी मानपत्र संपवलं, कमिटीतल्या बायका फोटोला आल्या, तरी ती म्हणतच होती. ती थांबली तेव्हा नेमके लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कारण मी त्यांना उभं राहायला सांगितलं होतं. तिने डोळे उघडले, उभं असलेलं सगळं सभागृह पाहिलं आणि रडायला लागली.

विंगेत येऊन तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात गार पडले होते. "सगळे म्हटले," ती म्हणाली. "एकही विसरले नाही. कुणी हसलं नाही." मला तेव्हा कळलं. त्या क्षणी तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, मावशी, माइक बंद होता, चूक माझी आहे, उद्या मुलांना घेऊन तुझ्या घरी येते. विमान सोमवारचं होतं. मी म्हटलं, "फार सुंदर झालं, मावशी." आणि पुढच्या नृत्याची घोषणा करायला पळाले.

गाडीत बसल्यावर ईशा म्हणाली, "मॉम, शी वॉज सेइंग देम. यू टॉक्ड ओव्हर हर." तेरा वर्षांची पोर. मी म्हटलं, व्हिडिओत असेल गं. व्हिडिओ आम्ही त्याच आठवड्यात पाहिला. दोन मिनिटं दहा सेकंद मावशी पडद्यावर आहे. ओठ हलतायत, कधी भुवई वर जाते, एका ठिकाणी ती हाताने काहीतरी हाकलल्यासारखं करते, ते कोंबड्यांचं असावं. ऐकू येतं ते माझं मानपत्र आणि सनई. मिलिंदने कुठलंसं सॉफ्टवेअर लावून माझा आवाज काढायचा प्रयत्न केला. खाली काहीच नव्हतं, माइकच बंद होता. "तूच खूण केलीस," तो म्हणाला. भांडायला म्हणून नाही, नुसतं म्हणाला. मग मी आणि ईशा आठवायला बसलो. दर रविवारी ऐकलेले शब्द! पहिल्या दाराचा शब्द 'म'ने सुरू व्हायचा असं मला वाटतं, ईशाला वाटतं 'न'ने. एवढीच आमची मिळकत. मंडळाच्या फेसबुकवर मात्र फोटो आला. शाल, नारळ, तिचे डबडबलेले डोळे, शेजारी दात काढून उभी मी. त्याला भरपूर लाइक्स आले.

फोन करायचा होता. करते, करते म्हणत राहिले. आज ऑफिसात रिलीज आहे, आज पाहुणे आहेत, तिकडे दोन तास मागे असतं. खरं कारण एकच, सांगणार काय? दुसऱ्याच्या कामातली चूक मी एका ओळीत लिहून पाठवते, तीही तारीख-वेळेसकट. स्वतःची सांगायला आठ महिने पुरले नाहीत. शेवटी ऑक्टोबरात ऑफिसच्या कामाने चँडलरला जावं लागलं आणि मी मनाशी पक्कं केलं, आता सांगायचं, पाय धरायचे, आणि समोर बसून सगळे शब्द उतरवून घ्यायचे. नवी कोरी वहीसुद्धा घेतली.

मुलाच्या घरी ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. बारीक झाली होती, किडनीचं दुखणं निघालं होतं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मला बघून तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. कॉफी दिली, गुडघ्यांचं सांगितलं, उन्हाळ्याला शिव्या घातल्या. मग माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "मुलं म्हणतात?" काय, ते तिला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. शपथ. आणि तोंडातून निघालं, "हो. म्हणतात की."

"हसत नाहीत?"

"नाही."

"जास्त काय आवडतं त्यांना?"

एकदा खोट्यात पाय घातला की पुढचं आपोआप सुचतं. "हात लावू नकोस, भाजेल," मी म्हटलं. "ईशा आमच्या कुत्र्याला तेच म्हणते." ती खुर्चीत मागे रेलून इतकी हसली की तिला खोकला आला. मी पाठीवर हात फिरवला. माझी ती पर्स, त्यातली ती वही, सगळं माझ्याकडे बघतंय असं वाटत होतं.

मग ती म्हणाली, "एक सांगू? तुम्हाला दिल्यावर मी म्हणायचं सोडलं. इतकी वर्षं सांभाळलं, आता पोरांकडे आहे, म्हटलं, झालं आपलं. खूप हलकं वाटतं. पण सोडल्यापासून जातायत गं. निम्मे गेले असतील." आणि जरा पुढे वाकून, एखादी वस्तू उसनी मागावी तशा संकोचाने तिने विचारलं, "आजी मला 'इकडे ये' म्हणायची. अगदी रोजचा शब्द. चार दिवस झाले, आठवतच नाही. काय आहे गं तो?"

ती वाट बघत होती, जराही शंका नाही चेहऱ्यावर.

निम्मे तेव्हाही तिच्यापाशी होते. मी त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून म्हणायला हवं होतं, मावशी, आमच्याकडे एकही नाही, असतील तेवढे दे. तिने दिले असते. मी म्हणाले, "अगं, माझ्या जिभेवर आहे बघ. ईशाला पक्का येतो. तिला विचारून कळवते." ती म्हणाली, "कळव हं नक्की." जाताना दारापर्यंत वॉकर घेऊन आली.

मी कळवलं नाही. तिने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. एकदा मेसेज ठेवला होता, तब्येतीचं विचारून झाल्यावर शेवटी, "तो शब्द मिळाला का?"

मार्चमध्ये तिच्या मुलाचा फोन आला. नंबर तिचाच, म्हणून मी तोही उचलणार नव्हते, पण ईशा शेजारी बसली होती आणि फोनकडे बघत होती. मावशी सोमवारी गेली होती. शनिवारी चर्चमध्ये प्रार्थना होती. मुलगा फार सभ्य माणूस, अडखळत बोलत होता. म्हणाला, "आई सगळ्यांना सांगायची, तिकडे तुमच्या शाळेतली मुलं तिची भाषा बोलतात. आम्हाला कुणालाच येत नाही, आम्ही कधी शिकलो नाही. दोन-तीन मुलांनी व्हिडिओवर चार शब्द म्हटले तर? नर्सलासुद्धा सांगायची ती."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. सत्कार, बंद माइक, चँडलरमधली कॉफी, 'हो, म्हणतात की', ते दोन फोन. ईशा ऐकत होती. मी रडत होते, आणि रडण्याचीसुद्धा मला लाज वाटत होती, कारण आई त्याची गेली होती. 

"तिला सांगायचं होतंत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ती हसली असती आणि तुम्हाला पुन्हा सगळे म्हणून दाखवले असते."